दुसऱ्या जागेवरून एक दिवस

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार थांबले. साधनांची कमतरता मुळीच नव्हती. मुख्य केंद्र वांद्रे-कुर्ला संकुलात, त्याची नक्कल ठेवणारी दुसरी जागा जवळच, आणि आपत्तीसाठी राखलेली तिसरी थेट चेन्नईत. त्या दिवशी जवळच्या दोन जागांना जोडणाऱ्या केबलींनी दगा दिला. कारण सांगितलं गेलं रस्त्याच्या खोदकामाचं. त्यानंतर स्टोरेज असं काही वागलं की मुख्य केंद्रातल्या सर्व्हरनाच आपला डेटा दिसेना. नक्कल जपण्यासाठी केलेल्या व्यवस्थेनं मूळच बंद पाडलं. बाजार चेन्नईला हलवला गेला नाही. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते पावणेचारला.

आता ठाण्याकडे या. ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरं उभी आहेत आणि त्यांत रात्रपाळी करणारी पोरं कल्याण-डोंबिवलीहून येतात. इथल्या बँकांना मुख्य साइट ठाण्यात आणि आपत्तीसाठी राखलेली, म्हणजे डीआर, ऐरोलीत, अशी जोडी सोयीची वाटते. पण १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघ्याच्या वीजवाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदमच अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. जुलै २००५ चा पूर इथे कोणाला सांगायला नको. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पाण्यात अडकली होती. एकाच विजेवर आणि एकाच पावसात उभ्या असलेल्या दोन जागांना दोन म्हणणं ही स्वतःचीच फसवणूक आहे.

दूर जायचं तर किंमत मोजावी लागते. काचेच्या तारेतून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. हैदराबाद सरळ रेषेतही ६०० किलोमीटरच्या पुढे. तिथून पोच आल्याशिवाय नोंद पक्की धरायची नाही असं ठरवलं, तर प्रत्येक नोंदीमागे किमान सहा मिलिसेकंद जातात, आणि गर्दीच्या वेळी बँकेच्या काउंटरवर रांग वाढते. म्हणून जवळ तत्क्षण नक्कल आणि दूर थोडी मागून येणारी नक्कल, अशी विभागणी करतात. मागून येणारी म्हणजे आपत्तीत शेवटच्या काही सेकंदांचे किंवा मिनिटांचे व्यवहार जाणार. किती जाऊ द्यायचे? हा निर्णय संचालक मंडळाचा आहे. आपल्याकडे तो आयटीतला एखादा मुलगा कॉन्फिगरेशन करता करता घेऊन टाकतो.

त्याच मुलाची दुसरी सवयही बोलून दाखवली पाहिजे. दोन लिनक्स सर्व्हरमधला दुवा तुटला की प्रत्येकाला वाटतं, समोरचा मेला. मग दोघंही लिहू लागतात आणि एकाच खात्याच्या दोन वेगळ्या शिलका तयार होतात. ते टाळण्यासाठी क्लस्टर सांभाळणाऱ्या पेसमेकर या प्रणालीत स्टोनिथ असतं: समोरच्या यंत्राची वीज तोडायची आणि मगच ताबा घ्यायचा. ते नीट बसवल्याशिवाय क्लस्टर सेवा सुरू करत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी ते बंद करून काम पुढे रेटलं जातं. नंतर कोणी तिकडे फिरकत नाही. शिवाय नक्कल आंधळी असते. इकडे चुकून पुसलं की तिकडेही पुसलं जातं, त्यामुळे वेगळा बॅकअप ठेवावाच लागतो.

मग दुसऱ्या जागेवरून काम चालवून पाहण्याची चाचणी का होत नाही? कारण चाचणी फसली तर ठपका बसतो, आणि न केलेल्या चाचणीचा ठपका कोणावरच बसत नाही. दोष मुलांपेक्षा वर बसलेल्यांचा अधिक आहे. शेअर बाजाराला तरी धडा मिळाला: अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करा आणि त्यानंतर ४५ मिनिटांत दुसरीकडून काम सुरू करा, असं बाजाराची नियामक सेबीनं बजावलं. २ मार्च २०२४ च्या शनिवारी खऱ्या पैशांचे व्यवहार डीआर साइटवरून चालवून पाहिले गेले.

ठाणे जनता, डोंबिवली नागरी, कल्याण जनता या बँका सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नोकरदारांच्या बचतीवर उभ्या राहिल्या. अशा कुठल्याही बँकेच्या वार्षिक सभेत लाभांशावर तास तास चर्चा होते. लाभांशाचं विचारा, जरूर विचारा. पण हेही विचारा: गेल्या वर्षी कामकाजाचा एक पूर्ण दिवस दुसऱ्या जागेवरून चालवला का? कोणत्या तारखेला? मूळ जागी परत यायला किती वेळ लागला? आणि रात्री दोन वाजता आपत्ती जाहीर करण्याचा अधिकार नेमका कोणाच्या हातात आहे? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.