डाग आणि उगम

दोषाची जाणीव होणे आणि दोषाचा शोध घेणे या दोन गोष्टींत जे अंतर असते, त्या अंतरात माणसाचे नैतिक आयुष्य पुष्कळसे खर्ची पडते. हा विचार आम्हांस एखाद्या ग्रंथाने दिला नाही. काचीगुड्यातील आमच्या घराच्या फरशीवर, मोटारीखाली रोज सकाळी उमटणाऱ्या एका तांबड्या डागाने दिला.

मोटार जुनी, स्वयंचलित गिअरची. डाग इंजिन ऑइलचा असता तर काळपट असता, एसीच्या पाण्याचा असता तर वाळून गेला असता. हा तांबडा आणि बोटांना बुळबुळीत लागणारा, म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलाचा. एका गॅरेजने तळाच्या पत्र्याचे पॅकिंग बदलून दिले. आठ दिवसांत डाग परत आला. तेव्हा आम्ही सोयीचा मार्ग पत्करला. खाली पुठ्ठा टाकावा आणि पंधरवड्याने थोडे तेल भरावे. मध्यंतरी विसर पडला की गाडी चढावर हिसके देई. तेल भरले की शांत होई. असे सहा महिने चालले. कोणी विचारलेच तर आम्ही म्हणत असू, "लक्ष आहे आमचे." लक्ष होते ते पुठ्ठ्याकडे.

पुढे गाडी विकण्याचे ठरले तेव्हा ती एका वृद्ध उस्तादांकडे नेली. त्यांनी डागाकडे फारसे पाहिलेच नाही. "टपका जाँ दिखता, वाँ से नहीं आता साब," एवढेच म्हणाले. गाडी खड्ड्यावर घेऊन त्यांनी खालची सगळी बाजू धुऊन कोरडी केली, तीवर अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि आम्हांस वीस मिनिटे गाडी फिरवून आणावयास सांगितले. परतल्यावर दिव्याच्या उजेडात पांढऱ्या पावडरीवरून एक ओली तांबडी रेघ मागे गेलेली दिसली. तिचा उगम तळाच्या पत्र्यापाशी नव्हताच. तेल थंड करण्यासाठी ते रेडिएटरकडे नेणाऱ्या रबरी नळीत, पार पुढे होता. तेल गरम होऊन दाब आला की नळीची बारीक चीर उघडे, आणि धावत्या गाडीचा वारा ते तेल मागे ढकली. नळी बदलणे हे तासाभराचे काम. पण उस्तादांनी आतले थोडे तेल पांढऱ्या फडक्यावर घेऊन दाखवले. ते काळवंडले होते, त्याला करपट वास होता. तेल कमी पडले की आतल्या क्लच प्लेटी घसरतात, घासतात, तापतात. ती झीज नवी नळी भरून काढीत नाही.

आयुर्वेदाने निदानाची पाच अंगे सांगितली आहेत: हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. पहिल्या गॅरेजने रूपालाच हेतू मानले. ही चूक म्हणता येईल. आमचे वर्तन निराळे होते. उपशय म्हणजे कशाने उतार पडतो ते पाहून रोग ओळखणे. आम्हांसही उतार दिसत होता, पण त्याचा उपयोग आम्ही ओळखण्यासाठी न करता विसरण्यासाठी केला.

आपल्या शहराला हा धडा फार मोठी किंमत मोजून मिळाला आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या पुराच्या कथा आपल्या जुन्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. घरे वाहून गेली ती अफझलगंजच्या बाजूची. पण १९०९ साली पाचारण केलेल्या विश्वेश्वरय्यांनी केवळ शहरातले काठ पाहिले नाहीत. खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणाऱ्या या अभियंत्याने वरचे पाणलोट क्षेत्र तपासले. तेथील अनेक तलाव फुटून पुरात भर पडली होती. पुढे १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर पूर्ण झाले, ते शहराच्या वरच्या अंगाला. हानी शहरात झाली होती, तिचा उपाय नदीच्या वरच्या अंगाला होता.

परंतु उगम सापडला म्हणजे प्रश्न संपत नाही. गाडी आता गळत नव्हती. घरात मत पडले की, "नळी नवी घातली आहे" एवढे ग्राहकाला सांगावे. ते खरेच आहे, आणि जुनी गाडी घेणारा पाहूनच घेतो. हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. जे ग्राहकास पाहता येते ते न पाहिल्याचा दोष काही अंशी त्याचा. मात्र गेले सहा महिने त्याला कोणत्या खड्ड्यावर उभे राहून दिसणार होते? ते केवळ आम्हांसच ठाऊक होते. अशा वेळी निवडून सांगितलेले सत्य 'नरो वा कुंजरो वा'च्या जातीचे होते. धर्मराजाचेही शब्द खोटे नव्हते. ते द्रोणांनी काय समजावे हे त्याला ठाऊक होते.

आम्ही सगळे सांगितले. पहिला ग्राहक आभार मानून गेला तो परतला नाही. दुसऱ्याने बरीच कमी किंमत देऊन गाडी नेली. घरातील काहींच्या मते हा व्यवहारशून्यपणा होता, आणि त्यांचे समाधान आम्हांस अद्याप करता आलेले नाही.

तरीही या सत्यकथनाचे श्रेय घेण्यास मन धजत नाही. उस्तादांनी ते फडके दाखवले नसते तर आम्ही "आम्हांस काय ठाऊक!" असे निःशंकपणे म्हणालो असतो, आणि ते शब्दशः खरेही ठरले असते. पण ते अज्ञान आम्ही सहा महिने पुठ्ठा घालून जपले होते. त्या काळात आमचे तेल या शहराच्या रस्त्यांवरही सांडत होते. पावसात त्यावरून कोणाची दुचाकी घसरली असेल काय, हे आम्हांस कधीच कळणार नाही. माणूस जाणूनबुजून जे करतो त्याची जबाबदारी आपण सहज मान्य करतो. जे त्याने जाणूनबुजून जाणून घेतले नाही, त्याचीही जबाबदारी त्याच्याकडेच जाते, असे आम्हांस आता वाटते.