भागाकारातली शाहूवाडी

शेतीसंशोधनाचे यश मोजायचे म्हटले की आपल्याकडे एकच आकडा पुढे येतो: हेक्टरी उतारा. वाण चांगले की सुमार, पद्धत शिफारशीजोगी की नाही, याचा निवाडा बहुतेक तिथेच लागतो. पिकलेल्या धान्याला जमिनीने भागायचे, हे इतके अंगवळणी पडले आहे की दुसऱ्या कशानेही भागता येईल हे सुचत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यात ते करून पाहायला हवे.

तालुक्याच्या पूर्वेला बांबवड्याच्या बाजूला ऊस आहे. मलकापूर सोडून आंब्याकडे किंवा गजापूर-विशाळगडाकडे चढू लागले, की उतारावर भाताची खाचरे, वरच्या वरकस जमिनीत नाचणा आणि त्यापलीकडे जंगल. घरटी जमीन थोडी, तीही तुकड्यांत. तरीसुद्धा डोंगराकडची काही राने पड दिसतात. लोक गव्यांचे नाव घेतात आणि ते खोटे नाही. चांदोलीचे जंगल शेजारीच आहे. पण राखण करायलाही माणूस लागते. इथली पुरुषमंडळी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेली. १९८२च्या संपानंतर गिरण्या आटल्या, तरी वाट बंद झाली नाही, फक्त पुणे आणि कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींकडे वळली. मागे शेती राहिली ती बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या हाती. जमीन थोडी आणि तीही पड, हे कोडे हेक्टरी उताऱ्याने सुटत नाही.

हेक्टर हे माप चुकून आलेले नाही. १९६० साली फिलिपाइन्समध्ये लॉस बान्योसला आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली, तेव्हा आशियापुढे दुष्काळाची धास्ती होती आणि नवी जमीन फारशी उरली नव्हती. १९६६ साली आलेले आयआर ८ हे बुटके, खताला भरभरून साथ देणारे वाण त्याच चिंतेचे उत्तर होते. त्या उत्तराने कोट्यवधी लोक जगले, हे विसरून हरितक्रांतीला नावे ठेवणे सोपे आहे. पण प्रश्न जमिनीचा होता म्हणून उत्तरही जमिनीच्या मापात आले.

युजिरो हायामी आणि व्हर्नन रटन या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ साली याची नीट मांडणी केली. जे दुर्मीळ ते महाग होते, आणि संशोधन त्या महाग गोष्टीची काटकसर शोधते. जपानमध्ये जमीन तोकडी, म्हणून तिथे बियाणे आणि खत सुधारले. अमेरिकेत हात तोकडे, म्हणून यंत्रे सुधारली. शाहूवाडीचा डोंगरपट्टा या मांडणीला अडचणीत टाकतो. खाचरे जपानसारखी चिमुकली, आणि हातांची टंचाई मात्र अमेरिकेसारखी. मग इथे हात वाचवणारे संशोधन का आले नाही? कारण इथले कष्ट बहुतेक घरचे किंवा पैऱ्याचे, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबण्याचे असतात, आणि घरच्या बाईच्या दिवसाला भाव नसतो. ज्याला भाव नाही ते कितीही दुर्मीळ झाले तरी महाग होत नाही, आणि महाग झाल्याशिवाय ते संशोधकाच्या नजरेला पडत नाही.

भाताच्या चारसूत्री पद्धतीचे उदाहरण घ्या. डॉ. नारायण सावंत यांनी बसवलेली ही पद्धत अस्सल अभ्यासातून आली आहे. भाताचे तूस-पेंढा जमिनीला परत द्यायचा, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा, ठरावीक अंतरावर लावण करायची आणि युरिया-डीएपीची ब्रिकेट चार चुडांच्या मध्ये हाताने खोचायची. मुसळधार पावसात फोकून दिलेला युरिया वाहून जातो. खोल खोचलेली गोळी टिकते. बांगलादेशात हीच युक्ती ‘गुटी युरिया’ म्हणून पसरली. शाहूवाडीच्या पावसाला याहून चपखल उत्तर सापडणे कठीण.

आता मोजू. लावणीचे अंतर आलटूनपालटून १५ आणि २५ सेंटिमीटर धरले, तर हेक्टरी ६२,५०० गोळ्या होतात. म्हणजे एकरी २५ हजार, गुंठ्याला सव्वासहाशे. प्रत्येक गोळीसाठी चिखलात वाकायचे, आणि तेही लावणीच्या ऐन घाईत, जेव्हा शेजारणीचा पैरा फेडायचा बाकी असतो. हेक्टरी उताऱ्यात ही पद्धत जिंकते. बाईच्या दिवसाने भागले तर ती जिंकते की हरते, हे शिफारशीवरून कळत नाही. दोर धरून अंतर राखत लावण करण्याला लागणारा जादा वेळही त्यात धरायला हवा.

नाचण्याचेही तेच. कोल्हापूरच्या शेंडा पार्कातल्या संशोधन केंद्रात नाचण्यावर काम चालते, ‘फुले नाचणी’, ‘फुले कासारी’ ही वाणे तिथली. २०२३ हे भरडधान्य वर्ष झाले, शंभर ग्रॅम नाचण्यात तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते हे शहरात पाठ झाले. पण रोप लावणे, भांगलणे, कणसे खुडणे आणि बडवणे हे डोंगरावर अजून हातांनीच होते. नांगरटीला पॉवर टिलर आला. म्हणजे पुरुषाचे काम आधी हलके झाले.

शेतकऱ्यांनी मात्र आपला भागाकार कधीच करून टाकला आहे. पाणी पोचले तिथे त्यांनी ऊस लावला. पैसा हे कारण आहेच, पण एकदा लावण केली की खोडवा येतो आणि तोडायला कारखान्याची टोळी येते, हेही तितकेच मोठे कारण आहे. पाणी पोचत नाही तिथे रान पड टाकले. दोन्ही निर्णयांत वाचवले गेले ते घरचे हात.

यावर तीन आक्षेप येतील. भात लावणीची यंत्रे आहेतच की. आहेत, पण त्यांना चटईवर वाढवलेले रोप आणि वळायला सपाट, रुंद वाफा लागतो. कष्ट वाचवले तर मजुराचे पोट मारले जाईल. ऊसपट्ट्यात आणि मोठ्या जमिनींच्या मुलखात ही भीती खरी आहे, पण घरच्या माणसांवर चालणाऱ्या खाचरात मजुरी बुडण्याचा प्रश्न थोडा. तिसरा आक्षेप वजनदार आहे: दिवसाने भागू लागलो तर लोक थोड्या कष्टात थोडे पिकवतील आणि देशाचे धान्य घटेल. सपाट, बागायती मुलखात तसे होईलही. डोंगरावर मात्र तुलना जास्त पिकाशी नसून पड रानाशी आहे, आणि पड रानाचा उतारा शून्य असतो.

म्हणून मागणी लहान आहे. नवे वाण किंवा पद्धत शिफारशीला येईल तेव्हा हेक्टरी क्विंटलच्या शेजारी दुसरा आकडा छापावा: दर दिवसाच्या कष्टामागे किती किलो, आणि त्यातले बायकांचे दिवस किती. हे दिवस संशोधन केंद्राच्या सपाट प्रक्षेत्रावर, रोजंदारीच्या मजुरांकडून मोजून चालणार नाहीत. उताराच्या खाचरात, जुलैत, घरच्याच माणसांच्या कामावरून मोजावे लागतील. हे माप आले की संशोधकाचे प्रश्न आपोआप बदलतील. गोळी उभ्याने खोचणारे हलके अवजार, तण दाबून टाकणारे वाण, खांद्यावर नेता येईल असे मळणीयंत्र, हे विषय मग दुय्यम वाटणार नाहीत. बाजार त्या बाईच्या दिवसाला भाव देत नसेल, तर तो देण्याचे काम सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधनानेच केले पाहिजे. बाजाराला न दिसणारे पाहण्यासाठीच तर समाज त्याचा खर्च उचलतो.