औषध आत पोचायला हवं

पावसाळा लागला की गजकर्ण बळावतं. दोरीवरचे कपडे दमटच, दिवसभर पायात बूट, एका खोलीत चार-पाच माणसं आणि टॉवेल एकच. जांघेत, कमरेवर लालसर कडं उमटतं आणि खाजवून जीव नकोसा होतो. मग केमिस्टकडून ट्यूब येते. तिच्यात पुष्कळदा स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र पसरतच राहते. त्यात आता टर्बिनाफिनसारख्या हुकमी औषधालाही न जुमानणारी जात आपल्याकडे फैलावली आहे. २०२० मध्ये तिला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव मिळालं.

अशा वेळी वनस्पतींकडे नजर वळते, ते रास्तच आहे. ओव्यातला थायमॉल, लवंगेतला युजेनॉल, हळदीतलं कर्क्युमिन बुरशीला मारक आहेत, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसलं आहे. पावसाळ्यात ज्याची भाजी होते त्या टाकळ्याचं बी वाटून नायट्यावर लावायची रीत तर जुनीच. पण थायमॉल, युजेनॉल उडून जातात, जास्त लावले तर कातडी जळजळते. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, उजेडात टिकत नाही. आणि बुरशी बसलेली असते त्वचेच्या अगदी वरच्या कोरड्या थरात. तिथं पेशींच्या फटी स्निग्ध द्रव्यांनी भरलेल्या असतात, त्यामुळे पाणी अडतं.

म्हणूनच लिपिड नॅनोकणांचं काम मला मोलाचं वाटतं. त्वचेला सोसणारी घन चरबी वितळवायची, तिच्यात वनस्पतीचं द्रव्य मिसळायचं, तेल-पाणी एकजीव करणारा पदार्थ घातलेल्या गरम पाण्यात ते जोरात घुसळायचं आणि निववायचं. मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढे, म्हणजे सुमारे १०० नॅनोमीटरचे कण तयार होतात. ते त्वचेला चिकटून राहतात, द्रव्य उडू देत नाहीत, थोडं थोडं सोडत राहतात. तूप तांब्याच्या भांड्यात पाण्यानं शंभरदा धुऊन शतधौत घृत करणाऱ्या वैद्यांनी स्निग्धाचा गुण ओळखलाच होता. त्याला ओढूनताणून नॅनो म्हणायची गरज नाही.

औषध चरबीत गुंडाळल्यानं काय फरक पडतो, हे महाराष्ट्रानं २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या वेळी पाहिलं. तिच्यावरचं ॲम्फोटेरिसिन-बी मूत्रपिंडांना फार जड जातं, तेच लायपोसोममधून, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांतून दिलं की इजा बरीच कमी होते. पण त्या इंजेक्शनासाठी नातेवाइकांनी किती वणवण केली! गजकर्णाचं मलम तरी तसं दुर्मीळ आणि महाग होता कामा नये. शिवाय घन चरबीचे कण साठवणीत गोठून घट्ट होत गेले की आतलं द्रव्य बाहेर ढकलतात. त्यावर थोडं पातळ तेल मिसळायची तोड निघाली आहे. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पत्र्याखालच्या दुकानात ती ट्यूब टिकते का, हेही संशोधकांनी तपासावं.

वनस्पतींवरचं हे काम अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे. तोवर स्टिरॉइडच्या ट्यूबला हात न लावता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं, आणि घरात ज्यांना ज्यांना खाज आहे त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत.