पाणी वाटायचं कुणी?

आबा म्हणायचे, आपल्या गावाला पाच सरकारं हायेत. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, मुंबई आन् दिल्ली. काम सांगायला गेलं की प्रत्येक जण वर बोट दाखवतो. दिल्लीच्या वर कुणी न्हाई, म्हणून ते आभाळाकडं दाखवत्यात.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा आबा तिशीत होते. सत्ता जितकी जवळ तितकी खरी, असं त्यांचं मत. १९९३ ला पंचायतीला घटनेचा आधार मिळाला. अकराव्या अनुसूचीत २९ विषय आले, त्यांत पाणलोटही आला. त्याचा अर्थ नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारनं दाखवला. किती पाऊस पडला, पिण्याला किती, शेतीला किती, हा ताळेबंद तिथं ग्रामसभेत मांडतात. बांधाला बांध लागलेली माणसं एकमेकांसमोर बसून ठरवतात, म्हणून ते पाळलं जातं.

पण शिवारातलं पाणी वेगळं आन् नदीचं वेगळं. आमची मुळा प्रवरेला मिळते, प्रवरा संगमावर गोदावरीला, आन् गोदावरी पैठणच्या नाथसागरात. २००५ च्या कायद्यानं समन्यायी वाटप आलं. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरच्या धरणांनी सोडायचं, असं २०१४ ला ठरलं. २०१५ च्या दुष्काळात ती वेळ आली. पारावर बैठक बसली. "धरणात जमिनी आमच्या गेल्या, पाणी आमचंच," हा एकच सूर. त्यात खोटं काही नव्हतं.

ऐंशी पार केलेले आबा एवढंच म्हणाले, "पैठणकडचा कुणी हाये का हितं?"

कुणीच बोललं नाही. त्या साली आमचं एक आवर्तन गेलं, अर्धा एकर ऊस उभा वाळला. आबांनीच तो वैरणीला तोडला.

वरचं सरकार कशाला लागतं, याचं उत्तर मला त्या प्रश्नात सापडतं. जे आपसांत बसून ठरवता येतं ते गावानंच ठरवावं. मुंबईनं त्यात नाक खुपसू नये. पण ज्याची तहान आपल्या निर्णयावर टांगलीये आन् तो आपल्या पारावर बसू शकत नाही, त्याच्यासाठी वरची पायरी हवी. दोन राज्यांतून वाहणाऱ्या नदीला दिल्ली लागते, ती याच कारणानं.

मात्र हाच प्रश्न वरच्यांनाही विचारायला हवा. पाटाच्या शेपटाला ज्याचं रान आहे, तो तरी मुंबईच्या बैठकीत कुठं असतो?