पत्रा उडाला तर दोष कोणाचा?



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६

आजच्या श्लोकांत भगवंत सांगतात की कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात. अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधनं, चेष्टा म्हणजे निरनिराळे प्रयत्न, आणि पाचवं दैव. त्यातला क्रम बघा. दैव यादीत आहे, पण शेवटी आहे. आणि लगेच पुढे १६व्या श्लोकात इशाराही आहे: एवढं सगळं असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता मानतो, त्याला नीट दिसत नाही.

हे नुसतं वाचलं तर तत्त्वज्ञान वाटतं. म्हणून आज एका पत्र्याच्या छतावर ठेवून बघू.

आमचा नरडाणा धुळ्याहून शिरपूरकडे जाताना लागतो, शिंदखेडा तालुक्यात. वैशाख-ज्येष्ठात इकडे दिवसभर अंग भाजतं आणि संध्याकाळी अचानक वावधान सुटतं. खानदेशाला हे नवीन नाही. मुक्ताई तापीकाठी विजेच्या कडकडाटात गुप्त झाली, ती वैशाखातच, असं आपली परंपरा मानते. अशा वादळात दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात घरांचे पत्रे उडतात. मग पारावर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "देवाची मर्जी, दुसरं काय!" दुसरं, "त्याला आधीच सांगितलं होतं, पत्रे बसवून घे म्हणून. आता भोग!"

गीतेच्या यादीसमोर ही दोन्ही वाक्यं अपुरी पडतात. कशी, ते बघू.

आधी पहिलं. पत्रा उडतो तो वारा ढकलतो म्हणून नाही, वारा वरून खेचतो म्हणून. छतावरून वेगाने जाणारी हवा वर ओढ निर्माण करते, आणि उघड्या दारा-खिडकीतून शिरलेली हवा खालून रेटते. ही ओढ कडांना आणि कोपऱ्यांना सगळ्यात जास्त असते. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो. १० फूट बाय ३ फुटांच्या पत्र्याचा हिशेब केला तर ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याचा जोर साधारण ३३ किलो येतो, आणि ताशी १०० किलोमीटरला जवळपास १३० किलो. पत्र्याचं स्वतःचं वजन जेमतेम १०-१५ किलो. वर ठेवलेले चार दगड याला पुरत नाहीत. उलट पत्रा उचलला की तेच दगड घरात पडतात, झोपलेल्या माणसांवर.

म्हणजे छत धरून ठेवतं ते वजन नाही, पकड. पत्रा हुकाला, हुक पाइपाला, पाइप भिंतीला. यातला एक दुवा ढिला असला की बाकीचे मजबूत असून उपयोग नाही. हुकाभोवती गंज चढला, भोक मोठं झालं, की आपण वरून डांबर लावतो. त्याने गळती थांबते, पकड परत येत नाही. पत्रा चांगला असेल तर नुसते हुक आणि वायसर बदलून भागतं. भोकांभोवतीच पत्रा खाल्ला गेला असेल तर तो बदलावाच लागतो.

आपल्या जुन्या लोकांना हे वेगळ्या रूपात माहीत होतं. धाब्याच्या घरावर पावसाळ्याआधी खारी माती टाकायची, हा दरवर्षीचा नेम होता. छत एकदा बांधून संपत नाही, त्याची सेवा करावी लागते, हे त्यात गृहीत होतं. पत्रे आले आणि काम संपल्यासारखं वाटायला लागलं. गावी फोन केला की वडील म्हणतात, "व्हई जाई भाऊ, देव शे ना!" त्यात श्रद्धा आहेच. पण हुक बघायच्या आधीच घेतलेलं देवाचं नाव म्हणजे चार कारणं सोडून थेट पाचव्यावर उडी. शरणागतीची सुरुवात प्रयत्न संपतात तिथून होते, आळस सुरू होतो तिथून नाही.

आता दुसरं वाक्य, "त्याला आधीच सांगितलं होतं." हे मला जास्त घातक वाटतं, कारण ते शहाणपणासारखं दिसतं. करण म्हणजे साधनं सगळ्यांकडे सारखी नसतात. ज्याचं हातावर पोट आहे, त्याला हुक गंजलेले दिसतातच. त्याच्याकडे डोळे आहेत, पैसे नाहीत. पंचनामा झाला तरी सरकारी आपत्ती निकषात पक्क्या घराच्या अंशतः नुकसानीला ६,५०० रुपये आणि कच्च्याला ४,००० रुपये धरलेत. त्यात नवीन छत कसं उभं राहायचं? आणि ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा नीट बांधलेल्या घरांचीही छतं गेली. सगळं करूनही पाचवं कारण शिल्लक राहतंच.

आमच्या आयटीत एखादी सिस्टीम बंद पडली की चांगली टीम आधी "कोणी केलं?" विचारत नाही, "कशाकशामुळे झालं?" विचारते. गीतेची यादी तेच करायला सांगते.

मग माझ्यापुरता मी या श्लोकांचा असा नियम केलाय: स्वतःच्या छताचा हिशेब पहिल्या चार कारणांपासून सुरू करायचा, आणि दुसऱ्याच्या छताचा पाचव्यापासून. आपण बहुतेक वेळा नेमकं उलट करतो. आपलं बिघडलं की नशीब, दुसऱ्याचं बिघडलं की त्याची चूक.

आणि एक गोष्ट विसरू नका. माझ्या घरावरून सुटलेला पत्रा रस्त्याने जाणाऱ्या कुणाला तरी लागू शकतो. त्याच्यासाठी ते दैव असेल. माझ्यासाठी तो मी न बदललेला हुक असेल. आपली राहिलेली कर्तव्यं अशी दुसऱ्याचं दैव होऊन जातात.

आजची साधना: पुण्या-मुंबईत स्लॅबखाली राहणाऱ्यांनी आज गावी फोन करावा. "छत कसं आहे?" असं विचारू नका, उत्तर "चांगलं आहे" असंच येईल. हुकांचे आणि कडांचे फोटो मागवा. मृगाआधी माणूस लावून काम करून घ्या. आणि शेजारी कुणाला झेपत नसेल, तर त्याच माणसाला तिकडेही चार हुक मारायला सांगा. बिल आपण द्यायचं, सल्ला द्यायचा नाही.

एवढं केल्यावर रात्री वावधान सुटलं, तर दार-खिडक्या लावा, आणि मग खुशाल म्हणा, देवा, आता तुझ्यावर.

राम कृष्ण हरी!