जामीन राहणारी श्रद्धा

ख्रिस्ती धर्मविचारात माणसाचे देवाशी असलेले नाते आणि सहविश्वासकांशी असलेले नाते यांची कधीच पूर्ण फारकत झालेली नाही. योहानाच्या पहिल्या पत्राचा कर्ता तर या बाबतीत कोणतीही सवलत देत नाही. डोळ्यांसमोर असलेल्या बंधूवर ज्याची प्रीती नाही, तो न दिसणाऱ्या देवावर प्रीती करतो, हे म्हणणेच त्याला खोटे वाटते. मात्र ही दोन नाती परस्परांत गुंतलेली आहेत असे सांगितल्याने ती कशी गुंतलेली आहेत हे उलगडत नाही. रोज पहाटे उठून प्रार्थना करणारा माणूस शेजारच्या बाकावर बसणाऱ्याच्या जवळ आपोआप जातो काय, आणि मंडळीच्या, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या जमावाच्या, प्रत्येक कार्यक्रमात राबणारी व्यक्ती त्या राबण्यानेच देवाच्या जवळ पोहोचते काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. ख्रिस्ती जीवनात परस्परांना धीर देणे, उमेद देणे, खचलेल्याला उभे करणे या गोष्टींना जे स्थान आहे, ते या प्रश्नाच्या उत्तरातूनच कळू शकते.

सहाव्या शतकात गाझा परिसरातील एका मठात दोरोथेउस नावाचा साधू राहत असे. मठातील आजाऱ्यांची शुश्रूषा करण्याचे काम त्याच्याकडे होते आणि पुढे तो स्वतःच्या मठाचा प्रमुख झाला. सहनिवासी साधूंना उपदेश करताना त्याने एक वर्तुळ कल्पिले. त्या वर्तुळाचा मध्यबिंदू म्हणजे देव आणि परिघापासून मध्याकडे जाणाऱ्या रेषा म्हणजे माणसांचे जीवनमार्ग. रेषा मध्याकडे जितक्या सरकतात तितक्या त्या एकमेकींच्याही जवळ येतात आणि मध्यापासून दूर गेल्या की त्यांच्यातले अंतरही वाढत जाते. ही प्रतिमा पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेत फार मोलाची मानली गेली, आणि ते योग्यच आहे, कारण देवभक्ती आणि बंधुप्रीती यांत स्पर्धा असते हा समज ती मुळातून काढून टाकते. तरीही तिच्यात एक गोष्ट सुटलेली आहे. भूमितीतल्या रेषा एकमेकींना घाबरत नाहीत, एकमेकींचा भूतकाळ लक्षात ठेवत नाहीत आणि एकमेकींवर संशयही घेत नाहीत. माणसे मात्र हे सारे करतात. त्यामुळे मध्याकडे निघालेल्या दोन माणसांतले अंतर कमी व्हायचे असेल तर कोणीतरी एक विशिष्ट कृती करावी लागते, आणि नव्या करारात ती कृती सर्वांत स्पष्टपणे दिसते ती बर्णबा या माणसाच्या चरित्रात.

बर्णबा हे त्याचे मूळ नाव नव्हते. कुप्र बेटावर जन्मलेल्या योसेफ नावाच्या या लेवीला, म्हणजे यहुदी उपासनेची सेवा वंशपरंपरेने ज्यांच्याकडे होती त्या कुळातील माणसाला, प्रेषितांनी बर्णबा हे नाव दिले आणि मराठी बायबलात त्याचा अर्थ बोधपुत्र असा दिला आहे. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात त्याचा पहिला उल्लेख येतो तो त्याने आपले शेत विकून आलेले पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवल्याबद्दल. मात्र बोधपुत्र हे नाव त्याला का शोभते हे पाहण्यासाठी नवव्या अध्यायापर्यंत थांबावे लागते. ख्रिस्ताच्या अनुयायांचा छळ करणारा शौल, जो पुढे पौल म्हणून ओळखला गेला, दिमिष्काच्या वाटेवर झालेल्या परिवर्तनानंतर यरुशलेमेत येतो आणि शिष्यांमध्ये मिसळू पाहतो, तेव्हा सगळे त्याला भितात. हा माणूस खरोखर शिष्य झाला आहे, यावर कोणाचाच विश्वास बसत नाही. ती भीती अवाजवी मुळीच नव्हती. ख्रिस्ताचा अनुयायी स्तेफन याला दगडमार होत असताना मारणाऱ्यांनी आपली वस्त्रे याच तरुणाच्या पायांशी ठेवली होती आणि घराघरांत शिरून स्त्रीपुरुषांना ओढून तुरुंगात टाकणाराही हाच होता. अशा वेळी बर्णबा त्याला जवळ घेतो, प्रेषितांकडे नेतो आणि त्याच्या बाबतीत काय घडले ते स्वतःच्या तोंडाने सांगतो. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, तो त्याला जामीन राहतो.

येथे अभ्यासकांनी नोंदवलेली एक अडचण बाजूला सारता येत नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल स्वतः या पहिल्या यरुशलेमभेटीचे वर्णन करतो, तेव्हा आपण केफाजवळ, म्हणजे पेत्राजवळ, पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा बंधू याकोब याच्याशिवाय दुसरा प्रेषित पाहिला नाही असे तो सांगतो, आणि बर्णबाचे नाव घेत नाही. दोन्ही वृत्तांतांचे हेतू वेगळे आहेत. आपला संदेश माणसांकडून मिळालेला नाही हे पौलाला ठासून सांगायचे होते, तर कृत्यांच्या लेखकाला मंडळीची एकता दाखवायची होती. त्यामुळे तपशिलांचा मेळ कसा घालावा याबद्दल मतभेद राहणारच. परंतु ज्याच्यावर विश्वास ठेवायला कोणी धजत नाही त्याच्या बाजूने उभे राहणारा माणूस म्हणून आद्य मंडळीने बर्णबाला स्मरणात ठेवले, ही गोष्ट त्या मतभेदांनंतरही टिकून राहते आणि येथे महत्त्वाची आहे ती तीच.

हे जामीन राहणे केवळ मोठ्या मनाचे लक्षण मानले तर त्याचा धार्मिक अर्थ हातचा सुटतो. अकराव्या अध्यायात याचा खुलासा मिळतो. अंत्युखिया या मोठ्या सीरियन नगरात, यहुदी नसलेले लोकही ख्रिस्ताकडे वळू लागल्याची बातमी यरुशलेमेला पोहोचली, तेव्हा तपास करण्यासाठी मंडळीने बर्णबाला पाठवले. नियमशास्त्राची ओळख नसलेले, सुंता न झालेले, कालपर्यंत मूर्तिपूजक असलेले हे लोक पाहून तपासनीसाला दोष काढायला जागा भरपूर होती. पण ग्रंथकार सांगतो की तेथे पोहोचल्यावर त्याला देवाची कृपा दिसली, तो हर्षित झाला आणि मनाच्या निर्धाराने प्रभूला बिलगून राहण्याचा बोध त्याने सर्वांना केला. या क्रमातच सारे काही आहे. आधी दिसणे, मग हर्ष, मग बोध. उमेद देणे ही येथे शब्दांची कला ठरत नाही, कारण ती एका दृष्टीतून निघालेली आहे. देव दुसऱ्या माणसात जे काम करीत आहे ते अपुरे, ओबडधोबड, संशयास्पद दिसत असतानाही ओळखू येणे, ही ती दृष्टी. आणि देवाचे काम ज्याला ओळखता येते त्याचा देवाशी दीर्घ सहवास असतो, हे वेगळे सिद्ध करण्याची गरज नाही. ख्रिस्ती जीवनात देवाजवळ जाण्याची सर्वांत विश्वासार्ह खूण कोणती, असे विचारले तर ती हीच मानावी लागेल. प्रार्थनेतील आनंद येतो आणि जातो, उपासनेतील भावना ओसरते, परंतु दुसऱ्यामधील कृपा ओळखून तिच्यासाठी स्वतःचे नाव पणाला लावता येणे हे भावनेवर अवलंबून नसते.

खुशामत आणि उत्तेजन यांतला फरकही यातूनच स्पष्ट होतो. खुशामत माणसात जे नाही ते आहे असे सांगते. बर्णबाने अंत्युखियातल्या लोकांना ते परिपूर्ण आहेत असे सांगितले नाही. उलट, शिक्षणाची गरज ओळखून तो तार्साला गेला, शौलाला शोधून घेऊन आला आणि दोघांनी वर्षभर तेथे लोकांना शिकवले. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातही याच गंभीर अर्थाने परस्पर उत्तेजनाची आज्ञा येते. त्या पत्राच्या वाचकांनी पूर्वी उघड अपमान आणि मालमत्तेची लूट सोसलेली होती, आता ते थकले होते आणि काहींनी एकत्र येणे सोडून दिले होते. पापाच्या फसवणुकीने कोणाचे मन कठीण होऊ नये म्हणून एकमेकांना दररोज बोध करावा, असे पत्रकर्ता तिसऱ्या अध्यायात सांगतो. स्वतःचे मन घट्ट होत चालले आहे हे त्या मनाच्या मालकाला सहसा सर्वांत शेवटी कळते, म्हणून ते काम दुसऱ्याकडे सोपवलेले आहे, आणि त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. चौथ्या शतकात कप्पदुकियातील कैसरियाचा बिशप बेसिल याने एकांतवासापेक्षा सामुदायिक मठजीवन श्रेष्ठ का, याचे विवेचन करताना असाच मुद्दा मांडला होता. एकट्याला आपला दोष दाखवणारे कोणी नसते, आणि प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तसे पाय धुवायलाही कोणी नसते.

बर्णबाची गोष्ट येथेच थांबली असती तर तिचे स्तुतिपर चरित्र करणे सोपे गेले असते. परंतु गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्याच अंत्युखियातला एक कटू प्रसंग आहे. पेत्र तेथे परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांसोबत एका पंक्तीला बसून जेवत असे. याकोबाकडून काही माणसे आली तेव्हा तो भीतीने मागे सरला, इतर यहुदी विश्वासणारेही त्याच्यासोबत वेगळे झाले, आणि पौल ज्या दुःखाने लिहितो त्यात एक खास वेदना आहे, कारण बर्णबासुद्धा त्यांच्या ढोंगात ओढला गेला होता. ज्या लोकांतली कृपा पाहून तो हर्षित झाला होता त्याच लोकांच्या पंक्तीतून तो उठला. मराठी वाचकाला या प्रसंगाचा अर्थ समजावून देण्यासाठी टीकाग्रंथाची गरज पडू नये. पंक्तिभेद म्हणजे काय, कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, हे येथल्या समाजाने शतकानुशतके जगलेले आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 पासून अहमदनगरला सुरू झाले, आणि त्या परिसरातील मंडळ्यांमध्ये महार व मांग समाजांतून आलेल्या कुटुंबांची संख्या वाढत गेली, तेव्हा बाप्तिस्म्याने पंक्तिभेद आपोआप मिटत नाही, ही जाणीव येथेही टाळता येण्यासारखी नव्हती. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचे धार्मिक मूल्य या दृष्टीने पुरेसे ओळखले गेलेले नाही. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी फेब्रुवारी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी घेतला तो 1900 मध्ये, आणि या मधल्या वर्षांत सोवळ्याची बंधने त्यांच्या मनात किती चिवटपणे टिकून होती आणि ती कशी सैल होत गेली, हे त्यांनी कसलाही आव न आणता लिहिले आहे. देवाविषयीची त्यांची समज आणि माणसांविषयीची त्यांची समज या दोन्हींची वाढ एकाच प्रवासात झाली. पुस्तकातली ती पाने वाचताना दोरोथेउसच्या रेषांना हाडामांसाचे रूप आल्यासारखे वाटते.

अंत्युखियातल्या त्या पंक्तीवरून एक निष्कर्ष मात्र आवर्जून काढावा लागतो. इतरांना धीर देणारा माणूसही डळमळतो आणि त्याला सावरण्यासाठी दुसऱ्याचा शब्द लागतो, मग तो शब्द पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष सुनावला तितका कठोर का असेना. सहविश्वासकांशी जवळीक म्हणजे सतत गोड बोलणे असे समजणाऱ्या मंडळ्यांत अशा कठोर शब्दाला जागाच उरत नाही, आणि मग पंक्ती वेगळ्या होत जातात पण कोणी काही बोलत नाही. गलतीकरांच्या त्याच पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल एकमेकांची ओझी वाहायला सांगतो आणि लगेच प्रत्येकाने आपापला भार वाहावा असेही म्हणतो. या दोन वाक्यांत विरोध पाहण्याचे कारण नाही, कारण दुसऱ्याचे ओझे वाहणे म्हणजे त्याची जबाबदारी त्याच्याकडून काढून घेणे नव्हे.

पौल आणि बर्णबा यांची ताटातूट झाली ती योहान मार्क या सहकाऱ्यावरून. दोघांच्या पहिल्या प्रचारप्रवासात पंफुल्यात मार्क त्यांना सोडून माघारी गेला होता. दुसऱ्या प्रवासाला निघताना बर्णबाला त्याला पुन्हा बरोबर घ्यायचे होते आणि पौलाचा त्याला विरोध होता. वाद इतका तीव्र झाला की पौल सीला या दुसऱ्या सोबत्याला घेऊन निघाला आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. मार्क त्याचा नातलग होता हे कलस्सैकरांस पत्रातून कळते, म्हणून काहींना येथे आप्तस्नेहाचा प्रभाव दिसतो, आणि तो मुळीच नसेल असे नाही. पण पौलाला जामीन राहिलेल्या माणसाने मार्कालाही जामीन राहणे हे त्याच्या स्वभावाशी सुसंगत आहे, आणि नव्या करारातील पुढचे उल्लेख बर्णबाचा अंदाज योग्य ठरवतात. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात मार्क पौलाच्या सहकाऱ्यांत आहे, आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, ज्याच्या लेखकत्वाविषयी विद्वानांत वाद आहे, मार्काला सोबत घेऊन यावे, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असे सांगितलेले आहे.

जामीन राहण्याची मर्यादा कोठपर्यंत न्यावी हा प्रश्न मराठी ख्रिस्ती जीवनात सर्वांत धाडसाने विचारला तो टिळकांनी. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ या नावाने ख्रिस्तभक्तांचा एक बंधुसंघ उभा करण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान होते. बाप्तिस्मा हे मंडळीत येण्याचे द्वार मानणाऱ्यांना ही गोष्ट रुचणे कठीण होते, आणि त्यांचा आक्षेप उथळ म्हणता येत नाही, कारण दृश्य चिन्हाशिवाय एकत्र राहणारा समाज आपली ओळख किती काळ जपू शकतो, ही शंका खरी आहे. टिळकांचे निधन 1919 च्या मे महिन्यात झाले आणि दरबाराला आपले रूप पक्के करायला वेळच मिळाला नाही. तरीही उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्या भक्तांमध्ये त्यांना कृपा दिसली आणि त्या दिसण्यासाठी त्यांनी आपले स्थान पणाला लावले. ते योग्य होते की नाही, याचा निवाडा करू पाहणाऱ्या मंडळीला आधी त्या भक्तांकडे बर्णबासारखे पाहता आले पाहिजे.