थापी कुणाच्या हातात?

‘मुली हुशार असतात, डिझाइन उत्तम करतात, पण साइट ही त्यांची जागा नव्हे.’ यंदाच्या अभियंता दिनाला आमच्या भागातल्या एका निवृत्त अभियंत्यांनी व्यासपीठावरून हे सांगितलं, आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. पुढच्या दोन रांगांत स्थापत्यशाखेच्या मुली बसल्या होत्या. वक्त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण हे मत त्यांच्या एकट्याचं नाही. रावेर, सावदा, फैजपूर, भुसावळ, कुठल्याही ठेकेदाराच्या ओट्यावर ते ऐकायला मिळतं. म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

त्यांनी पुरावा म्हणून चिनाब पुलाचं उदाहरण दिलं. नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंचीवरचा हा रेल्वेपूल ६ जून २०२५ रोजी सुरू झाला, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापक जी. माधवी लता यांचं नाव घरोघरी पोहोचलं. वक्ते म्हणाले, बघा, बाईनं टेबलाशी बसून आकडेमोड केली, पूल पुरुषांनी उभारला. हे साफ चुकीचं आहे. माधवी लता तिथल्या उतारांच्या आणि पायाच्या सल्लागार होत्या, तब्बल सतरा वर्षं. हिमालयातला तो खडक भेगाळलेला. खोदकाम पुढे सरकलं की आधीच्या चाचण्यांत न दिसलेल्या फटी, पोकळ्या उघड्या पडायच्या. त्यामुळे एकदा आराखडा काढून हात झटकणं शक्यच नव्हतं. समोर येईल तो खडक पाहून आराखडा बदलत जायचं, अशी ती पद्धत होती, आणि त्याच पद्धतीवर त्यांनी शोधनिबंधही लिहिला आहे. डोंगराच्या कुशीत काय दडलंय ते टेबलाशी बसून कळत नाही.

याच माधवी लतांनी गौरवाचा महापूर आल्यावर जाहीरपणे सांगितलं की अशक्य ते एका बाईनं शक्य केलं वगैरे बातम्या निराधार आहेत, त्या पुलामागे हजारो माणसं आहेत आणि आपण त्यांतल्या एक. मला २०२५ मधलं हे सर्वांत महत्त्वाचं विधान वाटतं. टाळ्या वाजवणारे आणि आरत्या ओवाळणारे दोघेही एकच चूक करतात. बांधकामातल्या बाईकडे ते अपवाद म्हणून बघतात. एकाला अपवाद नको असतो, दुसऱ्याला तो देव्हाऱ्यात हवा असतो. ज्या मुलीला उद्या सकाळी कामावर हजर व्हायचंय, तिला या दोघांचाही काही उपयोग नाही.

त्याच भाषणात विश्वेश्वरय्यांची पांझरेची गोष्ट आली. खानदेशातला अभियंता दिन तिच्याशिवाय पुरा होत नाही, आणि तो अभिमान योग्यच आहे. पुण्याच्या कॉलेजातून पदवी घेऊन १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या विश्वेश्वरय्यांना सुरुवातीलाच धुळ्याजवळ पांझरेच्या प्रवाहाखालून नळ टाकून पाणी पलीकडे नेण्याचं काम मिळालं. पावसाळा होता. पात्रातला गाळ आणि पुराचं पाणी काम होऊ देईना. त्यांनी काम पुढे ढकलण्याची परवानगी मागितली. वरिष्ठाला ते रुचलं नाही. मग त्यांनी ते जिद्दीनं पुरं केलं. गोष्ट इथे संपवली जाते आणि मुलांना जिद्दीचा धडा दिला जातो.

मी या गोष्टीकडे वेगळ्या बाजूनं बघतो. वय तेविशीच्या आसपास, अनुभव शून्य, भाषा परकी, मुलूख अनोळखी, आणि तरी खात्यानं त्या पोराच्या हाती पावसाळ्यातली नदी दिली. तो अडखळला तेव्हाही काम काढून घेतलं नाही. पुढचे विश्वेश्वरय्या त्या विश्वासातून घडले. आता जळगावच्या शासकीय अभियांत्रिकीतून किंवा फैजपूरच्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलीचं बघा. राज्यानं १९९४ च्या महिला धोरणापासून सरकारी नोकऱ्यांत तीस टक्के जागा बायकांसाठी ठेवल्या, त्यामुळे कनिष्ठ अभियंता म्हणून मुली येऊ लागल्या. पण आल्यावर त्यांना बसवतात कुठे? एस्टिमेट, टेंडरचे कागद, माहिती अधिकाराची उत्तरं. खाजगीत तर ड्रॉइंग आणि बिलिंग. सातपुड्याच्या पायथ्याचा नाला, पाझर तलावाची गळती, रात्री ओतायचा स्लॅब ही कामं तिच्या बरोबरच्या मुलाकडे जातात. दहा वर्षांनी बढतीच्या वेळी त्याच्यापाशी दहा कामांचा अनुभव असतो आणि तिच्यापाशी दहा वर्षांची नोकरी. मग व्यासपीठावरून सांगायचं की साइट ही तिची जागा नव्हे.

२०२५ मध्ये अहिल्यादेवी होळकरांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली. चौंडीला मंत्रिमंडळाची बैठक झाली, गावोगाव मिरवणुका निघाल्या, प्रत्येक भाषणात घाट आणि देवळं मोजली गेली. काशी विश्वनाथ, गयेचं विष्णुपद, वेरूळचं घृष्णेश्वर, महेश्वरचा घाट ही यादी पाठ आहे. पण या बांधकामांना पैसा कुठून आला, हे क्वचितच सांगितलं जातं. होळकरांच्या घरात ‘खासगी’ हे स्वतंत्र उत्पन्न घरातल्या बायकांच्या अखत्यारीत असे. सासू गौतमाबाईंकडून ते अहिल्याबाईंकडे आलं. दौलतीच्या खजिन्याकडे हात पसरावा लागत नव्हता. कुठे काय बांधायचं, कोणाला नेमायचं आणि पैसे कधी सोडायचे, हे त्या ठरवत. भक्ती होतीच, भक्ती त्या काळात लाखो बायकांपाशी होती. अहिल्याबाईंपाशी भक्तीच्या जोडीला पैशावरची सही होती.

याच धाग्यानं मी शकुंतला भगत यांच्याकडे येतो. १९५३ साली त्या मुंबईच्या व्हीजेटीआयमधून स्थापत्य अभियंता झाल्या आणि पुढे आयआयटी मुंबईत त्यांनी शिकवलं. देशातली पहिली स्त्री स्थापत्य अभियंता म्हणून त्यांचं नाव सर्रास छापतात, ते खरं नाही, केरळच्या पी. के. थ्रेसिया त्यांच्याही आधी मद्रासच्या गिंडी कॉलेजातून हीच पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या, आणि १९७१ मध्ये त्या केरळच्या मुख्य अभियंता झाल्या. पहिलेपणाचा हा सोस सोडला तर भगत यांचं खरं मोठेपण दिसतं. पती अनिरुद्ध यांच्यासह १९७० मध्ये त्यांनी क्वाड्रिकॉन ही कंपनी काढली. पोलादाचे ठरावीक सुटे भाग कारखान्यात करायचे आणि तेच वेगवेगळ्या जुळणीनं लहानमोठ्या लांबीच्या, रुंदीच्या, भाराच्या पुलांना वापरायचे, ही त्यांची पद्धत. अवजड यंत्रं पोहोचत नाहीत अशा डोंगराळ भागाला ती नेमकी लागू पडली. १९७२ मध्ये हिमाचलातल्या स्पितीत त्यांचा पहिला पूल उभा राहिला. कुणी साइट देईल म्हणून त्या थांबल्या नाहीत. कंपनी स्वतःची, पद्धत स्वतःची, जोखीमही स्वतःची.

इथवर माझा मुद्दा सरळ होता: बाईच्या हाती सही द्या, पुढचं ती बघेल. पण आमच्याच तालुक्यातल्या ग्रामपंचायतींकडे बघितल्यावर हा मुद्दा जसाच्या तसा टिकत नाही. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. गटार, काँक्रीट रस्ता, अंगणवाडीची खोली, पाण्याची टाकी, या सगळ्यांच्या पैशावर सरपंचबाईची सही लागते. म्हणजे खेड्यातल्या बांधकामावर कागदोपत्री एवढा अधिकार बायकांना याआधी कधीच नव्हता. पण रस्त्याची जाडी मोजताना ती बाई तिथे दिसते का? थोड्या ठिकाणी दिसते, आणि त्या बायांना माझा नमस्कार. बाकी ठिकाणी तिचा नवरा, दीर नाही तर ठेकेदार उभा असतो. सही तिची, माप त्यांचं. सिमेंट, वाळू, खडी किती पडली आणि किती पडायला हवी होती, हे ज्याला कळतं त्याच्याच हाती काम राहतं. ते न कळता केलेली सही दुसऱ्याचंच काम करते.

मग हे कळणं येतं कुठून? कॉलेजातून येतं, पण थोडंच. आपल्याकडचं बहुतेक बांधकाम पदवी नसलेल्या माणसांनी उभं केलंय. आमच्याकडे ठेकेदार कसा होतो ते पाहा. सातपुड्यातल्या पाल भागातला पावरा किंवा तडवी आदिवासी पोरगा सोळा-सतराव्या वर्षी बिगारी म्हणून येतो. माल कालवतो, विटा देतो. मिस्त्रीच्या बाजूला उभं राहून ओळंबा बघतो, लाइनदोरी धरतो, दुपारच्या सुट्टीत थापी हातात घेऊन बघतो. चार वर्षांत मिस्त्री होतो, दहा वर्षांत चार माणसं हाताखाली घेऊन मजुरीचा ठेका घेतो. हाच या धंद्याचा खरा जिना आहे. त्याच्याबरोबर त्याच दिवशी कामावर आलेली त्याची बहीण वीस वर्षांनंतरही घमेलं वाहते. तिला कुणी ‘थापीला हात लावू नको’ म्हणत नाही. फक्त कुणी तिच्या हातात ती देत नाही.

साइटवरचं ऊन बायकांना झेपत नाही, हे व्यासपीठावरून दिलेलं कारण इथे कोसळतं. मे महिन्यात रावेर-भुसावळकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा स्लॅबवर घमेली चढवणाऱ्या कोण असतात? १९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमीच्या कामांवर पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते कोणी खोदले? माती वाहणाऱ्यांत बाया मोठ्या संख्येनं होत्या, हजेरीपट धरणारा मुकादम बहुतेक पुरुष. बायका साइटवर नाहीत असं म्हणणाऱ्यानं साइट नीट पाहिलेली नाही. त्या तिथे सगळ्यात खालच्या पायरीवर आहेत आणि वर जाणारी दुसरी पायरी त्यांच्यासाठी काढून टाकलेली आहे.

आणखी एक काम असं आहे की ज्याला कुणी कामही म्हणत नाही: पाणी मारणं. कोरड्या, उष्ण हवेत साध्या सिमेंटचं काँक्रीट किमान दहा दिवस ओलं राहिलं पाहिजे आणि मिश्र सिमेंटचं चौदा दिवस, असं भारतीय मानक ४५६ सांगतं. आपल्याकडे सर्रास मिश्र सिमेंटच वापरतात. म्हणजे खानदेशातल्या उन्हाळ्यात स्लॅबची ताकद त्या दोन आठवड्यांच्या पाण्यावर ठरते, आणि ते पाणी घरमालकीण नाही तर साइटवर राहणारी मजूर बाई मारते. इमारतीचा टिकाऊपणा जिच्या हातात आहे, तिला ते का आणि किती दिवस, हे कुणी सांगितलेलं नसतं.

हे बदलता येतं याचा मोठा पुरावा महाराष्ट्रातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, हजारो माणसं झोपेत गेली. त्यांतली बरीचशी मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचं जड माळवद कोसळून गेली. आपल्या धाब्याच्या घरांची जातकुळी तीच. पूर्ण पडलेली गावं नव्यानं वसवली गेली, पण तडे गेलेल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण हे त्याहून पसरलेलं काम होतं, तेराशेच्या आसपास गावांतलं. सरकारचा अभियंता घरोघर पोहोचणार कसा? आणि गावातला गवंडी तर जुन्याच रीतीनं बांधत होता. तिथे प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायकांच्या गटांना पुढे आणलं. सरकारनं त्यांना ‘संवाद सहायक’ म्हणून मान्यता दिली.

या बायका काय शिकल्या? भिंतीच्या दोन पदरांना बांधणारा आरपार दगड कुठे आणि किती अंतरावर घालायचा. खिडकीच्या वरून घराला वेढा घालणारा काँक्रीटचा पट्टा कशासाठी. छपराचं वजन का उतरवायचं. सरकारी अनुदान कुठल्या टप्प्यावर मिळतं. मग त्या घरमालकाला समजावू लागल्या, साहेबाला प्रश्न विचारू लागल्या, गवंड्यानं आरपार दगड गाळला तर काम थांबवू लागल्या. शाळा अर्धवट सोडलेल्या, आदल्या वर्षापर्यंत चारचौघांत न बोललेल्या बाया त्या. २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं, तेव्हा मराठवाड्यातल्या याच बायका तिथल्या बायकांना शिकवायला गुजरातेत गेल्या. मराठवाड्यातली शेतकरी बाई परराज्यात बांधकामाची जाणकार म्हणून जाते, हे माझ्या लेखी कुठल्याही उंच पुलाइतकं मोठं काम आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला चार ओळी मिळालेल्या मला दिसल्या नाहीत.

झारखंडात पुढे हेच वेगळ्या रीतीनं घडलं. शौचालयं बांधायला गवंडी पुरेसे मिळेनात, तेव्हा बायकांना शिकवलं गेलं आणि त्या ‘रानी मिस्त्री’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. लातेहारच्या सुनीता देवींना त्यासाठी नारीशक्ती पुरस्कार मिळाला. दोन्हीकडे गरज होती, पुरुष कमी पडत होते, म्हणून दार उघडलं. गरज सरली की दार पुन्हा लोटलं जातं, ही भीती मला आहे. म्हणून संकटाची वाट न बघता हे व्हायला हवं.

आणि आता तशी वेळ आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण टप्प्यात महाराष्ट्रातल्या वीस लाख घरकुलांना मंजुरीची पत्रं दिली गेली. घर शक्यतो बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर करायचं, असा या योजनेचा नियम आहे. म्हणजे मालकीण बाई, माल वाहणारी बाई, पाणी मारणारी बाई, आणि भिंत उचलणारा तेवढा पुरुष. याच योजनेत ग्रामीण गवंड्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे: पंचेचाळीस दिवस, खऱ्या घरकुलाच्या बांधकामावर, शेवटी प्रमाणपत्र. रावेर, यावल आणि चोपडा तालुक्यांत या प्रशिक्षणाच्या निम्म्या जागा आज घमेलं वाहणाऱ्या बायांना द्याव्यात. त्या दिवसांची मजुरी बुडू नये, एवढं पाहावं. वाळूची चाळण, मालाचं प्रमाण, ओळंबा आणि पाणसळ यांची अर्धी ओळख त्यांना आधीच आहे. शिकायला त्यांना कॉलेजच्या पोरापेक्षा कमी वेळ लागेल.

लेकरांचं काय, हा प्रश्न लगेच येईल आणि तो खरा आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानं पाळणाघर सक्तीचं केलं होतं, पण पन्नासहून जास्त बाया असतील तिथेच. रावेरच्या कुठल्या कामावर पन्नास बाया असतात? दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये बांधकामाच्या जागेवरच मोबाइल क्रेशची सुरुवात केली, ती मुलांची गरज डोळ्यांसमोर होती म्हणून. घरकुलांची कामं गावातच आहेत आणि गावात अंगणवाडी आहे. तिची वेळ कामाच्या वेळेशी जुळवणं पंचायत समितीला अवघड नाही.

त्या सभागृहात पुढे बसलेल्या मुलींपैकी एकीला मी नंतर विचारलं, तुला काय हवंय? ती म्हणाली, ‘सर, मला एमबी नको, मला स्लॅब द्या.’ एमबी म्हणजे मोजमापांची वही. तिची मागणी बांधकाम विभागानं ऐकावी. आणि तिला स्लॅब मिळेल त्या दिवशी तिच्या हाताखालच्या मिस्त्र्यांत दोघी तरी अशा असाव्यात, की ज्या गेल्या वर्षीपर्यंत तिथेच घमेलं वाहत होत्या. त्यासाठीच्या पंचेचाळीस दिवसांची पहिली तुकडी या दिवाळीनंतर, डोंगरातली माणसं कामाला बाहेरगावी निघण्याआधी, पालला सुरू करता येईल.